पहिलं थान विकायचं नसतं

रोज सकाळी गॅसवर चहा ठेवला की मी मोबाइल उघडते आणि पहिला शब्द टाकते: नवरा. खराखुरा नवरा समोर पेपर घेऊन बसलेला असतो. त्याची तक्रार ठरलेली आहे, की ही बाई रोज पहिल्यांदा मलेच टाकते आणि रोज चुकते. मी त्याला सांगून थकले की चुकण्यासाठीच टाकते. न, व आणि र ही तीन कामाची अक्षरं त्या एका शब्दात आहेत, आणि घरबसल्या इतका कामाचा नवरा दुसरा कुठून आणू? यावर तो पेपरचं पान उलटतो.

खेळ साधा आहे. तीन अक्षरांचा एक शब्द ओळखायचा आणि त्यासाठी संधी सहा. शब्द टाकला की त्याची अक्षरं रंगतात. हिरवं म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर. पिवळं म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा दुसरी. राखाडी म्हणजे ते अक्षर नाहीच. रंग देताना काना-मात्रेकडे खेळ कानाडोळा करतो, पण ज्या दिवशी शब्दात मात्रा-वेलांटी काहीच नसते त्या दिवशी वर तशी सूचना येते. रोज एकच शब्द, सगळ्यांना तोच. नागपूरला शिकणाऱ्या माझ्या मुलीने हा खेळ घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर घालून दिला आणि त्यासाठी एक ग्रुपही काढला. पहिल्या महिन्यातच ग्रुपवर दोन माणसं उरली, एक मी आणि दुसरे माझे भासरे.

नवऱ्याच्या या मोठ्या भावाशी मी लग्नापासून एक शब्द बोललेले नव्हते. भांडण नव्हतं. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं की भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, काही लागलं तर जाऊबाईंकडून सांगायचं. त्या काळी बऱ्याच घरांत ही रीत होती. पुढे सगळ्यांनी सोडून दिली, आमच्याकडे मात्र ती मोडायला कोणाला मुहूर्त मिळाला नाही. सासूबाई गेल्या तरी रीत राहिली. पिपरी मेघेच्या आमच्या घरात खाली भासरे-जाऊबाई, वर आम्ही. वर्ध्यातल्या दुकानातही भासरे आणि मी दिवसभर एका छताखाली. आणि बोलणं असं चालायचं की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "अस्तराचा माल आला म्हणून सांगा." मी नवऱ्याकडे बघून म्हणायची, "पाह्यला म्हणून सांगा." नवरा मध्ये उभा राहून दोघांचं ऐकायचा आणि काहीच सांगायचा नाही, कारण सांगायला उरायचंच काय.

आमचं दुकान कापडाचं. समोर साड्या, उजव्या हाताला सूटिंग-शर्टिंगचे रॅक, आणि मागच्या अंगाला मॅचिंगचं काउंटर. ते माझं. मी हिंगणघाटची, बी.कॉम. झालेली. लग्नानंतर घरात बसून वैतागले होते, तेव्हा सासऱ्यांनीच मला त्या काउंटरवर उभं केलं. तिथे ब्लाउजचं कापड मिळतं, अस्तर मिळतं, फॉल मिळतो. बाई पिशवीतून साडी काढते आणि म्हणते, हिच्यावर मॅचिंग द्या. ऐकायला सोपं वाटतं. पण बाईच्या मनात कोणता रंग आहे ते तिला स्वतःला माहीत नसतं, आणि तुम्ही चुकीचं थान, म्हणजे कापडाचा तागा, उघडलं की लगेच माहीत होतं.

हे कळायला मला काही वर्षं लागली. सुरुवातीला मी हुशारी दाखवायची. साडी पाहिली की नेमका तोच रंग काढून समोर टाकायची. बाई म्हणायची, नाही हो, असा नाही. मग दुसरा, मग तिसरा, आणि काउंटरवर थानांचा ढीग. बाई कंटाळून निघून जायची. मग मी उलटं करायला लागले. आमसुली साडी असेल तर मुद्दाम वाइन रंगाचं थान उघडायचं. ते विकायचं नसतंच. बाई म्हणते, इतकं लाल नको. झालं, लाल अंगाचे सगळे रंग एका वाक्यात बाद. दुसरं थान गडद काढायचं. ती म्हणते, हे जरा अंधारं वाटते. आता रॅकमधल्या चाळीस छटांतल्या तीन-चारच उरतात. तिसरं थान तिच्या मनातलं असतं, आणि बाई मैत्रिणीला सांगते की त्या दुकानातली बाई मनातलं ओळखते. मनातलं कसलं ओळखते, विचारून घेते.

मोबाइलवरचा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. हे तर माझं काउंटर होतं. पहिला शब्द बरोबर यावा म्हणून टाकायचाच नाही, विचारायला टाकायचा. म्हणून पहिला नवरा आणि दुसरा सकाळ, दोन शब्दांत सहा वेगवेगळी अक्षरं तपासून होतात. मग शेवटाकडे बघायचं. मराठी शब्द शेवटी ण, र, ळ, ट यांच्यावर फार येऊन टेकतात, आणि ङ किंवा ञ च्या नादी लागण्यात काही अर्थ नाही. अडलं तर मोबाइल पालथा घालून पोळ्या लाटायच्या. तिसऱ्या-चौथ्या पोळीला शब्द आपोआप येतो.

भासऱ्यांची रीत निराळी. त्यांचं वाचन दांडगं, शब्दांचा साठा माझ्या दुप्पट. शाळेत असताना ते नाटकात काम करायचे, म्हणून पहिला शब्द कायम 'भूमिका'. त्यानंतर विचारणं वगैरे काही नाही, थेट उत्तरावर उडी. कधी दुसऱ्याच शब्दात जिंकायचे, कधी सहाव्यात जेमतेम. पण एकदाही हरले नव्हते. किती दिवस सलग जिंकले तो आकडा खेळ रोज दाखवतो आणि ते तो आकडा न बोलता ग्रुपवर टाकायचे. मी माझे रंगीत चौकोन टाकायची. कोणी कोणाला शाबासकी द्यायचं नाही. पण जाऊबाईंनी मला एकदा सांगितलं की मी त्यांच्यापेक्षा लवकर सोडवलं की ते चहा अर्धा ठेवतात. त्या दिवशी मी दुकानात विनाकारण गाणं गुणगुणत होते.

आणि मग नवऱ्याने ती बातमी आणली.

जेवायला बसलो होतो. तो भाताकडे बघत म्हणाला, "दादा म्हणून राह्यले का दिवाळीनंतर मॅचिंग काढून टाकू. तिथं रेडिमेड कुर्ती लावू. तुले आता आराम."

मी विचारलं, तू काय म्हटलंस? तो म्हणाला, मी काय म्हणणार. हे खरंच होतं, तो काय म्हणणार. सुताराशीही बोलणं झालं होतं म्हणे. आधी भासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, ते डोळ्यांनी मोकळे झाले की काउंटर तोडायचं. मला असा संताप आला की मी ताट तसंच उचललं. ज्या काउंटरवर मी माणसात आले, जिथे मला नावाने विचारत बाया येतात, ते तोडायचं ठरलं आणि मला विचारलंही नाही. विचारणार कसे? आमचं बोलणंच नव्हतं. जाऊबाईंकरवी निरोप पाठवून पाहिला, त्यांनी तो दिलाही. उत्तर आलं की बाजार बदलला म्हणून सांगा. निरोपाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्यात मोतीबिंदू होताच, आणि डॉक्टरांनी काही दिवस मोबाइल बघायला सक्त मनाई केली. भासऱ्यांना दुखण्याची फिकीर नव्हती, फिकीर होती ती त्या आकड्याची. एक दिवस खेळ चुकला की आकडा शून्यावर येतो. जाऊबाईंनी एकदा प्रयत्न केला आणि हात टेकले, म्हणाल्या, हे हिरवं-पिवळं मले नाई समजत. माझ्या नवऱ्याच्या हाती खेळ देणं म्हणजे आकडा स्वतःच्या हाताने पुसणं. राहिले मी.

मग रोज सकाळी आमच्या ओसरीवर तमाशा सुरू झाला. आतल्या खोलीत काळा चष्मा लावून भासरे खुर्चीत, उंबऱ्यावर जाऊबाई भाजी निवडत, आणि बाहेर स्टुलावर त्यांचा मोबाइल घेऊन मी. ते म्हणायचे, भूमिका टाक म्हणा. जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, भूमिका टाक. मी टाकायची आणि म्हणायची, तिन्ही राखाडी म्हणा. जाऊबाई आत वळून म्हणायच्या, तिन्ही राखाडी. भासरे माझ्यापासून चार हातांवर, कान शाबूत. पण रीत म्हणजे रीत. मी माझं मत द्यायचं नाही, सांगितलेला शब्द टाकायचा, रंग सांगायचे. माझा शब्द मी आधीच वर माझ्या मोबाइलवर सोडवून आलेली असायची, पण तो ओठांवर आणायचा नाही हा माझा स्वतःचा नियम. ज्या माणसाने माझं काउंटर काढायला घेतलं त्याची बोटं होऊन मी बसले होते आणि आतून धुमसत होते.

त्या दिवशी मात्र माझा शब्द सोडवायचा राहिला होता. दूध उतू गेलं, गॅस पुसत बसले आणि थेट खाली आले. उत्तर मलाही माहीत नव्हतं. शब्दात मात्रा-वेलांटी नाही अशी सूचना वर होती. भूमिका टाकला, तिन्ही अक्षरं राखाडी. मग त्यांनी तोरण सांगितला. त राखाडी, पण र आणि ण दोन्ही हिरवे, जागेवर. भासरे खूश झाले. शेवटी 'रण' आहे, पुढचं एक अक्षर हवं, आणि हाताशी संधी चार. त्यांनी चरण सांगितला. च राखाडी. शरण सांगितला. श राखाडी. आता दोन संधी उरल्या.

नेमकी तेव्हाच फाटकाशी भाजीची गाडी आली आणि जाऊबाई पिशवी घेऊन गेल्या. वांग्यांच्या भावावरून त्यांचा आवाज चढला, म्हणजे त्या लवकर येत नव्हत्या.

भासरे आतून म्हणाले, "धरण टाक म्हणा."

म्हणायला उंबऱ्यावर कोणी नव्हतं. माझं बोट ध वर होतं. मी मनात मोजत होते: धरण, वरण, सरण, हरण. चार शब्द बसत होते आणि संधी दोन. खरं सांगते, एक क्षण वाटलं की टाकावं मुकाट्याने धरण. जाऊ दे तो आकडा मातीत, माझं काय जातं. पण बोट हलेना. समोर चुकीचं थान उघडलं जातंय आणि मी गप्प उभी आहे, हे मला काउंटरवर कधी जमलं नाही, ते ओसरीवर कसं जमणार?

"टाकलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाई टाकलं," मी म्हटलं. "सावध टाकते."

लग्नापासून त्या घरात माझा आवाज त्यांच्याकडे तोंड करून पहिल्यांदाच गेला होता. पदर सावरायला हात वर गेला आणि मग मी तो खाली घेतला. आत खुर्ची करकरली. मला वाटलं आता जाऊबाईंना हाक जाईल. हाक गेली नाही.

"काऊन?" ते म्हणाले.

मग मी सांगितलं. चार शब्द उरलेत आणि आपण दोनच टाकू शकतो, एकेक टाकत बसलो तर अर्धं नशिबावर. 'सावध'मध्ये स आहे, व आहे, ध आहे. एका फटक्यात तिघांचा निकाल लागतो. त्यातलं जे रंगेल तो शब्द.

ते म्हणाले, "पण सावध हे उत्तर नाई ना. शेवटी ण आहे."

"नाई. ते नसलं तरी चालते. हे विचारायसाठी आहे, जिंकायसाठी नाई."

बाहेर वांग्यांचा भाव अजून ठरत होता. मग ते म्हणाले, "टाक." म्हणा नाही, नुसतं टाक.

मी टाकला. तीन चौकोन एकेक करून उलटले. राखाडी, राखाडी, राखाडी. मी तसं वाचून दाखवलं. त्यांनी मांडीवर हात मारला आणि म्हणाले, गेला, सगळा खेळ गेला. एकच संधी राहिली आणि हाती काहीच लागलं नाही. त्यांचा आवाज इतका पडला होता की मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी पोटातून हसू यायला लागलं.

"गेला नाई, सापडला," मी म्हटलं. "स नाई, व नाई, ध नाई. मंग उरलं काय?"

मग ते खुर्चीतून अर्धे उठले. "हरण."

हरण टाकला. तिन्ही हिरवे. मी स्टुलावरून उठून उभी राहिले आणि ओरडून सांगितलं की तिन्ही हिरवे, आणि ते हसले. मोकळं, मोठ्याने. या माणसाला असं हसता येतं हे मला ठाऊक नव्हतं. जाऊबाई पिशवी घेऊन उंबऱ्याशी आल्या, आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता माही सुट्टी काय?"

भासऱ्यांनी मला विचारलं की ही युक्ती कुठे शिकलीस. मी म्हटलं, मॅचिंगच्या काउंटरवर. आणि दार उघडंच होतं, म्हणून त्याच श्वासात पुढचं बोलले. म्हटलं, ते काउंटर काढू नका.

ते गंभीर झाले. म्हणाले की ब्लाउज आता रेडिमेड मिळतात, कोण शिवून राह्यलं? निरोपाला जे विचारता येत नव्हतं ते मी आता विचारलं. शर्टाचं कापड कोण शिवून राह्यलं? सूटिंगच्या रॅकवरची धूळ मी दर आठवड्याला झटकते, झटकताना तिथे गिऱ्हाईक कधी दिसलं नाही. माझ्याकडे ब्लाउजपीस घ्यायला आलेली बाई जाताना तुमच्याकडून साडी घेते, ती तुम्हाला तुमची गिऱ्हाईक वाटते, कारण तुमची पाठ माझ्याकडे असते. जाऊबाईंनी डोळ्यांनी मला बस कर म्हटलं. सूटिंग हा भासऱ्यांचा जीव की प्राण, तो विभाग त्यांनी स्वतः उभा केलेला. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, एवढंच ते म्हणाले. मी वर आले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी चहा करून दोन कप एकटीच प्याले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते काळा चष्मा लावून ऑटोने दुकानात आले. नवरा गादीवर उशी ठेवायला धावला. त्यांनी मात्र खुर्ची मागितली आणि ती माझ्या काउंटरच्या कडेला लावायला सांगितली. बसले, काठी दोन गुडघ्यांत धरून. रंग त्यांना अजून धड दिसत नव्हते, ते ऐकत होते.

गिरडकडून एसटीने आलेल्या मायलेकी होत्या. मुलीच्या लग्नाची साडी, रंग चिंतामणी आणि जांभळा यांच्या मधला कुठला तरी. त्या तीन दुकानं फिरून वैतागलेल्या होत्या. मी पहिलं थान मुद्दाम निळ्या अंगाचं उघडलं. आई म्हणाली, नाही बाई, इतकं निळं नको. दुसरं जरा फिकं काढलं. मुलगी म्हणाली, हे धुतलेलं दिसते. तिसरं थान मी साडीच्या काठावर ठेवलं. मग आईने कापडावरून हात फिरवला आणि विचारलं की जावयाच्या आईसाठी साडी घ्यायची आहे, चांगली कुठे दाखवाल. मी त्यांना पुढे नेऊन बसवलं. भासऱ्यांची मान खुर्चीतून त्यांच्या आवाजामागे वळली. तशा दुपारभर बाया येत गेल्या. ते दुकान बंद होईपर्यंत तिथेच होते, मध्ये एकदा फक्त पाणी मागितलं, थेट माझ्याकडे.

दिवाळी झाली आणि ठरल्याप्रमाणे सुतार आला. मधल्या दिवसांत काउंटरचा विषय कोणी काढला नव्हता, ना त्यांनी, ना मी. सकाळी आम्ही ओसरीवर शब्द सोडवायचो, आता मध्यस्थाशिवाय, आणि कधीकधी भांडायचोही. पण तो शब्दापुरता कारभार. सुतार हत्यारांची पिशवी घेऊन सरळ मागे आला, माझ्या काउंटरवर हात ठेवला, लाकूड ठोकून पाहिलं. मग तो पुढे गादीपाशी गेला आणि भासऱ्यांना विचारलं की कुठून तोडायचं.

भासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा डोळा आता चांगला झाला होता. ते माझ्याकडे बघत होते, पण बोलले सुताराशी.

"मले काऊन विचारतं? तिले विचार. काउंटर तिचं आहे."

साडी दाखवणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या हातातला पदर तसाच राहिला. मी मापाची पट्टी खाली ठेवली, काउंटरची फळी उचलून बाहेर आले, सुताराला सूटिंगच्या रॅकसमोर उभं केलं आणि म्हटलं, तोडायचं ते हे, टेप इथून धर.